झिर्कोनियाचा थर भट्टीत टिकतो, टेबलावर मात्र सोलून निघतो. कारण काय?

कुंडई_स्प्रेशॉप

नमस्कार मंडळी. छोट्या जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षाच्या लायनरवर (आतल्या अस्तरावर) उष्णतारोधक थर द्यायचं काम आहे. लायनर हॅस्टेलॉय एक्स या निकेल मिश्रधातूच्या १ मिमी पत्र्याचा. चाचणीचे नमुने मात्र इन्कोनेल ७१८ या दुसऱ्या निकेल मिश्रधातूचे, कारण बार शॉपमध्ये होता. २५ मिमी व्यास, ३ मिमी जाडीच्या चकत्या, लेथवर जशा कापल्या तशाच, कडा तीक्ष्ण.

प्रक्रिया अशी: तपकिरी अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) कणांचा ५ बारवर मारा, म्हणजे ब्लास्टिंग. त्यावर एअर प्लाझ्माने निकेल-क्रोमियम-अॅल्युमिनियम-इट्रियमचा बाँड कोट (धातू आणि वरचा थर यांना जोडणारा थर), साधारण १२० मायक्रॉन. पावडर बारीक होती, त्यामुळे खडबडीतपणाचं सरासरी माप, आरए, ४ मायक्रॉनच्या आसपास आलं. वर टॉप कोट: ८ टक्के इट्रियावाला (इट्रियम ऑक्साइड मिसळलेला) झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड, ३०० मायक्रॉन. चाचणी साध्या बॉक्स भट्टीत: ११०० अंशांवर एक तास, मग बाहेर काढून पंख्याखाली दहा मिनिटं, ही एक सायकल.

काही चकत्यांचे कडेने पोपडे निघाले, ते एक वेळ समजू शकतो. पण ज्या चकत्या सगळ्या सायकली पार करून धडधाकट बाहेर आल्या, त्या उघड्या रॅकवर ठेवून शॉप चवथीसाठी बंद केलं. सुट्टीनंतर पाहिलं तर पांढरा थर अख्खा सुटून शेजारी पडलेला. कोणी हात लावलेला नाही. थंड अवस्थेत, काही न करता थर कसा सुटतो?

दुसरं, ग्राहकाचं म्हणणं आहे की इट्रियावाल्याऐवजी गॅडोलिनियम झिर्कोनेट हा दुसरा सिरॅमिक वापरून बघा. आणि इंजिन समुद्रकाठी चालणार आहे, तर मिठाचा विचार बाँड कोटमध्ये करायचा की टॉप कोटमध्ये?

वास्को_हॉटसेक्शन

पावडर बदलायच्या आधी सुटलेल्या पापुद्र्याची खालची बाजू आणि चकतीचा उघडा पडलेला भाग, दोन्ही उजेडात नीट बघा. थर कुठे तुटला हे कळल्याशिवाय औषध देण्यात अर्थ नाही.

चकतीवर अजून पांढरी पूड चिकटलेली असेल तर तडा झिर्कोनियाच्या आतच, बाँड कोटच्या शिखरांवरून गेलाय. प्लाझ्मा थराचं हे नेहमीचं मरण. राखाडी दिसत असेल तर तडा बाँड कोट तापल्यावर त्याच्या पृष्ठावर बनणाऱ्या मधल्या ऑक्साइडमधून गेला. हिरवट-काळसर असेल तर बाँड कोटमधलं अॅल्युमिनियम संपून क्रोमियम-निकेलचे ऑक्साइड वाढलेत. आणि लख्ख धातू दिसत असेल तर ऑक्साइडची धातूवरची पकडच सुटली. हा चौथा प्रकार सगळ्यात वाईट, आणि तुमचं वर्णन वाचून मला त्याचीच शंका येते.

काप घेताना काळजी घ्या. आधी कापून मग एपॉक्सीत बसवलं तर कापतानाच थर उचकटतो आणि जो दोष नव्हता तो सूक्ष्मदर्शकात दिसतो. आधी पातळ एपॉक्सी निर्वातात मुरवा, रात्रभर घट्ट होऊ द्या, मग मंद गतीच्या डायमंड ब्लेडने कापा. ब्लेड झिर्कोनियाच्या बाजूने आत शिरलं पाहिजे, म्हणजे थर धातूवर दाबला जातो. उलट कापलंत तर थर बाहेर ओढला जाईल.

कापात झिर्कोनिया आणि बाँड कोट यांच्या मधल्या अॅल्युमिनाची जाडी मोजा. हा थर साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंत वाढला की बहुतेक प्रणालींचं आयुष्य संपत आलेलं असतं. तुमच्याकडे तो २-३ मायक्रॉनच असून थर सुटला असेल, तर दोष आयुष्याचा नाही, पकडीचा आहे.

कडेचे पोपडे सोपे. तीक्ष्ण कडेवर थर वर उचलणारा ताण एकवटतो. किमान १ मिमी त्रिज्या द्या आणि थर कडेवरून खाली वळू द्या. लायनरच्या हवेच्या भोकांनाही हेच लागू.

फर्मागुडी_मेटलर्जी

थंड अवस्थेत थर सुटणं ही गूढ गोष्ट नाही. त्याला इंग्रजी लेखांमध्ये 'डेस्कटॉप स्पॉलेशन' म्हणतात, आणि नासाच्या ग्लेन केंद्रातल्या जेम्स स्मियालेक यांनी त्यावर बरंच लिहिलंय. कारण दोन गोष्टींत आहे: ताण आणि ओल.

ताण आधी बघू. अॅल्युमिनाचा प्रसरणांक अंशामागे दशलक्षात साधारण ८ ते ९, निकेल मिश्रधातूंचा १५-१६. ११०० अंशांवर दोघं सुखात असतात. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत धातू जास्त आकसतो आणि वरचा पातळ अॅल्युमिना दाबला जातो. हा दाब ३ ते ४ गिगापास्कल भरतो. म्हणजे थरावर सगळ्यात जास्त ताण भट्टीत नसतो, टेबलावर असतो. भट्टीतून धडधाकट बाहेर आला म्हणून थर पास झाला, असं धरू नका.

आता ओल. अॅल्युमिना आणि धातू यांच्या सीमेवर कडेने बारीक तडा पडलेला असतो. हवेतली वाफ तिथपर्यंत पोचते आणि सीमेवरच्या अॅल्युमिनियमशी तिची अभिक्रिया होऊन हायड्रोजन मोकळा होतो. हा हायड्रोजन सीमेची पकड ढिली करतो आणि तडा हळूहळू पुढे सरकतो. स्मियालेक यांची मांडणी अशी आहे. भाद्रपदात आपल्याकडे हवेत किती ओल असते ते सांगायला नको. कोरड्या हवेत जो थर कदाचित महिनोन्महिने तगला असता, तो इथे सुट्टीत सुटला.

पण एक मुद्दा महत्त्वाचा. हा प्रकार जास्त दिसतो तो गुळगुळीत पृष्ठावर. खडबडीत बाँड कोटवर झिर्कोनिया खाचांमध्ये अडकून बसतो, सीमा ढिली झाली तरी थर एकदम सुटत नाही. तुमचा आरए ४ आहे. प्लाझ्मा झिर्कोनियासाठी तो ८ ते १२ हवा. म्हणजे अडकायला जागाच नाही, आणि सगळा भार त्या रासायनिक पकडीवर.

ती पकड आणखी बिघडवतो गंधक. तापल्यावर तो मिश्रधातूतून सरकत येऊन याच सीमेवर जमतो. इन्कोनेल ७१८ च्या विनिर्देशात गंधकाची कमाल मर्यादा ०.०१५ टक्के, म्हणजे १५० पीपीएम. टर्बाइनच्या एकस्फटिकी पात्यांमध्ये तो १ पीपीएमच्याही खाली आणतात, ते याचसाठी. बाँड कोटमधलं इट्रियम गंधकाला बांधून ठेवतं, पण त्यालाही मर्यादा आहे.

खात्री करायची असेल तर एकाच बॅचच्या दोन चकत्या सारख्याच सायकलींनी काढा. एक साधारण १५० अंशांवर असतानाच ताज्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. दुसरी थंड होऊ द्या आणि कडेला ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब सोडा. डोळ्यांना चष्मा लावून, टॉर्च तिरपा धरून बघा. थर सुटणार असेल तर आधी बारीक टिकटिक ऐकू येते, मग कडेला सावलीची रेघ दिसते आणि ती आत सरकत जाते. डेसिकेटरमधली चकती शाबूत आणि थेंबाची सुटली, तर निदान पक्कं.

आणि डेसिकेटर हा उपाय नव्हे, एवढं लक्षात असू द्या. जो थर कोरडा ठेवल्यावरच टिकतो, तो समुद्रकाठच्या हँगरमध्ये पहिल्याच पावसाळ्यात जाईल. पकड मुळातच सुधारायला हवी.

कुंडई_स्प्रेशॉप

देव बरें करूं, दोघांनाही. आत्ताच भिंगाखाली बघितलं. भट्टीतच कडेने गेलेल्यांवर पांढरी पूड आहे. रॅकवर सुटलेल्यांवर जवळजवळ सगळीकडे लख्ख धातू, मध्ये मध्ये राखाडी ठिपके. म्हणजे वास्कोवाल्यांची शंका खरी. ओलीमुळे झिर्कोनियाचंच रूपांतर झालं असेल, असं इथे एकजण म्हणत होता, ते शक्य आहे का? आणि आरए वाढवण्यासाठी ब्लास्टिंगचा दाब वाढवू का?

पेडणे_प्लाझ्मा

दाब वाढवू नका. १ मिमीच्या पत्र्यावर ५ बारच जास्त आहे, लायनर वाकेल. शिवाय ग्रिटचे कण धातूत रुतून बसतात आणि बाँड कोटखाली तयार तडे होतात. पत्र्यासाठी पांढरा अॅल्युमिना, ६० मेश, ३ बार. तपकिरीत टायटॅनिया आणि लोह असतं, गरम भागांसाठी तो टाळलेलाच बरा.

तुम्हाला हवा असलेला खडबडीतपणा ब्लास्टिंगमधून येत नाही, बाँड कोटच्या पावडरीतून येतो. ४५ ते १०६ मायक्रॉन दाण्याची पावडर घ्या. बारीक पावडरीचा एक फायदा आहे, थर दाट होतो. तो हवा असेल तर खालचे ७०-८० मायक्रॉन बारीक पावडरीने, शक्य असल्यास एचव्हीओएफने (अतिवेगवान ज्योतीच्या फवाऱ्याने) मारा आणि वरचे ४०-५० मायक्रॉन जाड दाण्याने प्लाझ्माने. एचव्हीओएफमध्ये उडताना अॅल्युमिनियम कमी जळतं, म्हणजे पुढे अॅल्युमिना बनवायला साठा शिल्लक राहतो. एअर प्लाझ्माच्या बाँड कोटमध्ये ऑक्साइडच्या ज्या आडव्या रेघा दिसतात, तो साठा आधीच खर्ची पडलेला असतो.

आता पावसाळ्याचं. शॉपमध्ये २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू जवळपास २६ अंश होतो. मोजमापाच्या एसी खोलीतून २२ अंशांचा तुकडा बाहेर आणला की त्यावर पाण्याची पातळ फिल्म बसलीच, डोळ्यांना दिसो वा न दिसो. नियम असा ठेवा: तुकड्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर, ब्लास्टिंगनंतर तासाभरात स्प्रे, मध्ये उघड्या हाताचा स्पर्श नाही, आणि पहिल्या पासआधी गनच्याच ज्योतीने १२० ते १५० अंशांपर्यंत तापवणं. ब्लास्टिंगच्या हवेला नुसता रेफ्रिजरेशन ड्रायर पुरत नाही, त्याचा दवबिंदू ३ अंशांच्या आसपासच थांबतो. डेसिकंट ड्रायर लावा, उणे ४० चा. लाइनवर तेलाचा फिल्टर आहे का तेही बघा. पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारली की डाग सांगतो.

पावडर ट्रेमध्ये पातळ पसरून १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवा आणि गरम असतानाच हॉपरमध्ये भरा. ओली झिर्कोनिया पावडर फीडरमधून झटक्याझटक्याने येते, ज्योत लुकलुकते, आणि थरात न वितळलेले दाणे राहतात. झिर्कोनियासाठी गनचं अंतर १०० ते १२० मिमी, कोन शक्यतो ९० अंश, ६० च्या खाली कधीच नको. सच्छिद्रता १० ते १५ टक्के धरा. दाट थर मजबूत वाटतो, पण कडक होतो आणि सायकलींमध्ये लवकर तडकतो. त्या छिद्रांमुळेच थर लवचीक राहतो आणि उष्णताही अडते.

चिकटण्याची ओढून केलेली चाचणी, एएसटीएम सी ६३३, करत असाल तर सावध राहा. त्यासाठी थर ०.३८ मिमीपेक्षा जाड असावा लागतो. ३०० मायक्रॉनच्या सच्छिद्र थरातून गोंद झिरपून बाँड कोटपर्यंत पोचतो आणि आकडा फसवा चांगला येतो.

फर्मागुडी_मेटलर्जी

रूपांतराच्या शंकेबद्दल: चांगल्या प्लाझ्मा थरात ७-८ टक्के इट्रियावाला झिर्कोनिया सहसा रूपांतर न होणाऱ्या टेट्रागोनल स्फटिकरूपात असतो आणि दमट हवेत इतक्या झटपट बदलत नाही. शंका फेडायची तर सुटलेल्या पापुद्र्याचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरूप ओळखणारी चाचणी) करून घ्या. तांब्याच्या के-अल्फावर २८.२ आणि ३१.४ अंशांना मोनोक्लिनिक या रूपांतरित स्फटिकरूपाची शिखरं येतात, ३०.२ ला टेट्रागोनलचं. पहिली दोन नगण्य असतील तर झिर्कोनिया निर्दोष. ती ठळक असतील तर पावडरच नीट मिश्रित नव्हती. रूपांतराचा खरा धोका १२०० अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यावर: इट्रिया वेगळा होतो, थंड होताना मोनोक्लिनिक बनतो, आकारमान ३ ते ५ टक्के वाढतं आणि थर भुगा होतो.

चाचणीचा धातूही बदला. इन्कोनेल ७१८ हा ६५० अंशांच्या आसपासपर्यंत ताकद देणारा मिश्रधातू. त्यात अॅल्युमिनियम जेमतेम अर्धा टक्का, तुमच्या बाँड कोटमध्ये १० टक्क्यांच्या आसपास. साहजिकच ११०० वर अॅल्युमिनियम वरून खाली धातूत शिरतं, आणि खालून नायोबियम, टायटॅनियम वर येऊन अॅल्युमिनाचा थर नासवतात. लायनर हॅस्टेलॉय एक्सचा आहे तर चकत्याही त्याच पत्र्याच्या करा. नाहीतर जी चाचणी पास होईल ती लायनरची नसेल.

आणि तापमान. साध्या भट्टीत सगळी चकती एकसारखी ११०० ला जाते. खऱ्या लायनरमध्ये मागून थंड हवा असते, बाँड कोट त्यापेक्षा बराच थंड. भट्टीची चाचणी १००० ते १०५० वर ठेवा, आणि तापमान-उताराची चाचणी हवी असेल तर आयएसओ १३१२३ बघा: समोरून ज्योत, मागून हवा.

बाँड कोटनंतर आणि झिर्कोनियाच्या आधी निर्वात भट्टीत १०८० अंश, ४ तास देता आलं तर जरूर द्या. कणांच्या सीमा जुळतात आणि पहिला अॅल्युमिना सावकाश, शुद्ध अल्फा रूपात बनतो. सुरुवातीचा हा अर्धा मायक्रॉन पुढचं सगळं आयुष्य ठरवतो. निर्वात कच्चा असेल तर मात्र न दिलेलंच बरं, हिरवा ऑक्साइड आधीच बसेल.

वास्को_हॉटसेक्शन

मीठ आणि गॅडोलिनियमबद्दल.

समुद्री हवेतलं सोडियम क्लोराइड आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट बनतं. एटीएफमध्ये (विमानाच्या इंधनात) गंधकाला ०.३ टक्के वजनापर्यंत मुभा आहे, म्हणजे कच्चा माल हजर. शुद्ध सोडियम सल्फेट ८८४ अंशांना वितळतं, म्हणून ८५० ते ९५० अंशांच्या पट्ट्यात पहिल्या प्रकारची उष्ण गंज. दुसरा प्रकार ६५० ते ७५० अंशांचा आणि जास्त फसवा: कोबाल्ट सल्फेटबरोबर मिश्रण ५६५ अंशांनाच वितळू शकतं आणि धातूत खोल खड्डे पाडतं. त्यामुळे समुद्रकाठी 'कमी तापमान म्हणजे सुरक्षित' हे गणित चुकतं. पॉवर कमी ठेवून बराच वेळ चालणारी इंजिनं याच पट्ट्यात अडकतात.

बचाव बाँड कोटमध्येच करायचा. वितळलेलं मीठ झिर्कोनियाच्या छिद्रांतून सरळ खाली उतरतं, वरचा थर त्याला अडवत नाही. क्रोमियम २० टक्क्यांच्या वर ठेवा. तुमची पावडर २२ टक्क्यांची असेल तर ठीक. कोबाल्टवर आधारित पावडर पहिल्या प्रकाराला चांगली, दुसऱ्या प्रकारात तीच कमकुवत. म्हणून लायनरच्या धातूचं तापमान थर्मल पेंट (तापमानानुसार रंग बदलणारा) लावून आधी मोजा, मग पावडर ठरवा. ज्या भागांवर झिर्कोनिया नाही आणि तापमान ७५० च्या खाली आहे, तिथे क्रोमायझिंगचा (पृष्ठात क्रोमियम मुरवण्याचा) विचार करा.

धुणंही तितकंच महत्त्वाचं. समुद्रावरून चालवलेलं इंजिन खनिजविरहित पाण्याने धुवा, मग पाणी पूर्ण निथळू द्या आणि कमी पॉवरवर सुकवा. नळाचं पाणी नको, त्यातलंच मीठ छिद्रांत बसतं. ओला थर एकदम पूर्ण ज्योतीत नेला तर छिद्रांतल्या वाफेने पोपडा उडतो.

गॅडोलिनियम झिर्कोनेट उष्णता कमी वाहतो आणि १२०० च्या वरही स्थिर राहतो. वाळू-धुळीचा वितळलेला काचेसारखा रस थरात शिरतो, त्याला तो वरच्या वर गोठवतो, हा त्याचा खरा गुण. पण ती धूळ वितळायलाच १२०० ते १२५० अंश लागतात. तुमच्या थराचा पृष्ठभाग तिथे पोचतो का? नसेल तर खर्च वाया. शिवाय तो ठिसूळ आहे आणि अॅल्युमिनाशी अभिक्रिया करतो. थेट बाँड कोटवर मारलात तर आगीतून फुफाट्यात. खाली निदान ५०-१०० मायक्रॉन इट्रियावाला झिर्कोनिया लागतोच. आधी आहे ती प्रणाली टिकवा.

कुंकळ्ळी_एअरो

विषय जवळचा आहे म्हणून विचारते: रॉकेटच्या सी-१०३ या नायोबियम मिश्रधातूच्या नॉझलवर असाच झिर्कोनिया का मारत नाहीत? आणि इस्रोने कार्बन-कार्बनचं (कार्बन तंतू आणि कार्बनच्या संमिश्राचं) नॉझल केलं त्यालाही थर लागतोच ना?

फर्मागुडी_मेटलर्जी

नायोबियमला उष्णतेपासून वाचवायची गरजच नाही, सी-१०३ साधारण २३५० अंशांना वितळतो. वाचवायचं ते ऑक्सिजनपासून. त्याचा ऑक्साइड मूळ धातूच्या जवळपास २.७ पट जागा घेतो, म्हणून स्वतःच फुगून गळून पडतो, आणि ऑक्सिजन धातूत मुरून त्याला ठिसूळ करतो. सच्छिद्र झिर्कोनियातून ऑक्सिजन आरामात जातो, त्यामुळे एकट्याने तो निरुपयोगी.

तिथे सिलिसाइड (सिलिकॉन आणि धातूचं संयुग) वापरतात. प्रसिद्ध रचना आर-५१२ई: सिलिकॉनमध्ये २० टक्के क्रोमियम, २० टक्के लोह. पावडरची स्लरी बुडवून किंवा फवारून लावायची, सुकवायची, आणि निर्वातात १४०० अंशांच्या आसपास तासभर वितळवून धातूशी एकजीव करायची. थर ७५ ते १०० मायक्रॉन. थंड होताना त्याला तडे जातातच. तापल्यावर वर बनणारी सिलिकाची काच ते बुजवते. धोका कडांना आणि हाताळणीला. टाचणीएवढा टवका उडाला तरी तिथून धातू पोखरला जातो, म्हणून फ्यूज केल्यानंतर ड्रिलिंग किंवा घासकाम अजिबात नाही, आणि कडांना आधीच गोलाई.

इस्रोच्या कार्बन-कार्बन नॉझलला थर आहे: सिलिकॉन कार्बाइडचा. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातल्या कोलंबियमच्या, म्हणजे नायोबियमच्याच, भागाच्या जागी हे नॉझल विकसित केलंय. १९ मार्च २०२४ ला महेंद्रगिरीत ६० सेकंदांची चाचणी झाली, २ एप्रिलला २०० सेकंदांची, तापमान १२१६ केल्विनपर्यंत. वजन ६७ टक्क्यांनी कमी, पीएसएलव्हीची क्षमता १५ किलोने वाढेल असा अंदाज दिलाय.

कुंडई_स्प्रेशॉप

हॅस्टेलॉयच्या पत्र्याचे नमुने कापायला दिले, कडा गोल करूनच. बाँड कोट दोन पावडरींनी. निर्वात भट्टी बाहेरची घ्यावी लागेल. एक विचारायचं राहिलं: जुन्या चकत्या ब्लास्ट करून पुन्हा वापरू का?

पेडणे_प्लाझ्मा

नको. ब्लास्टिंगने झिर्कोनिया जाईल, पण अॅल्युमिनियम संपलेला बाँड कोट आणि त्याखालचा मिसळलेला पट्टा तसाच राहील. त्या एपॉक्सीत बसवून कापा, तुलनेसाठी ठेवा. निर्वात भट्टीवाल्यांकडे नमुने पाठवताना गरम असतानाच सिलिका जेलसह सील करा, आणि सोबत एक बिनथराची घासलेली चकती द्या. ती परत येताना निळसर किंवा हिरवट दिसली तर त्यांचा निर्वात गळका आहे. ती बॅच झिर्कोनियाला पाठवू नका.